संशय आणि चाचणी : भयकथेतल्या शास्त्रज्ञाविषयी

मराठी भयकथेत शास्त्रज्ञ येतो तो बहुधा हरण्यासाठी. गावाबाहेरच्या वाड्यात किंवा एखाद्या एकाकी बंगल्यात काही विपरीत घडू लागते. घरची माणसे धास्तावतात. कुणीतरी शहरातून एखाद्या डॉक्टरला, प्राध्यापकाला, संशोधकाला बोलावून आणते. तो आपली उपकरणे मांडतो, वहीत नोंदी ठेवतो, भोवतालच्यांच्या भीतीला किंचित हसतो. अनुभवी वाचकाला त्याच क्षणी कळून चुकते, की हा गृहस्थ काही फार पाने टिकायचा नाही. त्याचे संशोधन जसजसे पुढे सरकते, तसतसे ज्या शक्तीला ते नको आहे तिचे लक्ष त्याच्याकडे वळते. शेवटी त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : एक तर मरायचे, नाही तर मान्य करायचे. जिवंत राहून, मान्य न करता, काम चालू ठेवण्याची तिसरी वाट कथा त्याला सहसा देत नाही.

या ठरावीक मांडणीविषयी मी बरीच वर्षे विचार करीत आले आहे. भयकथा मला आवडते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे, की माझ्या अध्यापनाची सारी वर्षे धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत गेली. पुण्यामुंबईच्या वाचकाला भयकथा हा वाङ्मयप्रकार कुठे संपतो आणि जगणे कुठे सुरू होते हे पुस्तक मिटताच कळते. इथे वर्गात बसलेल्या सगळ्यांनाच ती रेषा तितकी स्पष्ट दिसते असे नाही.

आधी या प्रकाराचे देणे मान्य केले पाहिजे. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्याशिवाय मराठी भयकथेचा विचार करता येत नाही. शंभरावर पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाला आपल्या समीक्षेने फारशी जागा दिली नाही. वाचकांनी मात्र दिली. माझ्या पाहण्यातल्या वाचनालयांत धारपांच्या कादंबऱ्या बांधणी सुटून पुन्हा बांधून घेतलेल्या असत आणि मळलेल्या कडांवरूनच त्या ओळखता येत. २०१८ साली 'तुंबाड' हा चित्रपट आला, त्यानंतर ज्यांचा मराठी वाचनाशी संबंध सुटत चालला होता अशा तरुणांनीही त्यांचे नाव शोधून काढले. धारप रसायन-तंत्रज्ञान शिकलेले होते आणि हे त्यांच्या गद्यात जाणवते. भीतीचे वर्णन ते उद्गारचिन्हांनी करीत नाहीत. खोलीचे तापमान, वासाचा पालट, भिंतीवरल्या ओलीची वाढ, आवाजांमधले अंतर अशा नोंदी ते प्रयोगशाळेतल्या संयमाने करीत जातात. स्टीफन किंगच्या कथावस्तू त्यांनी 'लुचाई' आणि 'शपथ'मध्ये मराठी मातीत आणल्या, तेव्हा हा संयमच त्यांच्या कामी आला.

पण या लेखकाचे नायक कोण? समर्थ, जयदेव, पंत, कृष्णचंद्र. हे साधक आहेत, अधिकारी पुरुष आहेत. त्यांतल्या समर्थांच्या तोंडी वारंवार विज्ञानाची भाषा येते : मिती, ऊर्जा, कंपने, आपल्या विश्वाला लागून असलेली दुसरी विश्वे. ही भाषा ऐकताना वाचकाला वाटते, की आपण बुद्धीच्या प्रांतातच आहोत. प्रत्यक्षात विज्ञानातून इथे फक्त शब्द उचललेले असतात. विज्ञानाची पद्धत म्हणजे आपले म्हणणे खोटे ठरण्याची शक्यता उघडी ठेवणे. ती मात्र दाराबाहेर राहते. समर्थांचे ज्ञान तपासता येत नाही, ते मिळालेले असते आणि ज्याला ते मिळालेले नाही त्याने विश्वास ठेवायचा असतो. भाषा प्रयोगशाळेची आणि रीत दीक्षेची, असे हे मिश्रण आहे. 'समर्थ' हे नावही काही सहज आलेले नाही. ज्या धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाच्या हस्तलिखितांची बाडे जपून ठेवलेली आहेत, त्या गावात हे नाव उच्चारताच त्यामागे किती शतकांचा अधिकार उभा राहतो, हे वेगळे सांगायला नको.

हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नव्हे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'मधला व्हॅन हेल्सिंग हा वैद्य आहे, संशोधक आहे, पदव्यांनी लगडलेला आहे. आणि आपल्या शिष्याला तो जो धडा देतो तो हा, की विज्ञानाने नाकारलेल्या गोष्टींसाठीही मन उघडे ठेव. या कादंबरीने पुढच्या सगळ्या अतिमानुष रहस्यकथेला एक करार घालून दिला. त्याचे मुख्य कलम असे : कथेत संशय कधी वाया जात नाही. ज्याच्यावर संशय घेतला तो तसाच निघतो. जो तपासून पाहू म्हणतो तो उशीर करतो आणि त्याच्या उशिरापायी कुणाचा तरी बळी जातो.

या कराराबाहेर पडू पाहणारी एक मराठी वाट डॉ. जयंत नारळीकरांची आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ साली त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. ही आठवण सहसा गमतीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात एका वैज्ञानिकाची शिस्त दिसते. परीक्षकाला नाव कळले तर निकाल दूषित होईल, म्हणून नाव झाकायचे. वैद्यकात औषधांची परीक्षा याच तत्त्वावर घेतली जाते. नारळीकरांनी आपल्या लेखनाची पहिली परीक्षा त्याच रीतीने घेतली. ही नाव झाकण्याची गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा येणार आहे.

'वामन परत न आला' या त्यांच्या कादंबरीत अतिमानुष थरारकथेची सगळी सामग्री आहे. जमिनीच्या पोटात सापडलेला एक पेटारा, त्यात जपलेले लुप्त संस्कृतीचे ज्ञान, त्यावरून घडवलेला 'वामन' नावाचा यंत्रमानव आणि त्या संशोधनावर डोळा ठेवून असलेली माणसे. धारपांच्या हाती हा पेटारा पडला असता तर त्यातून काय बाहेर आले असते, याची कल्पना करता येते. नारळीकर तो उघडतात तेव्हा आतून माहिती निघते. धोका असतो तो लोभाचा आणि उतावळेपणाचा. नावातली पुराणकथा मात्र त्यांनी नेमकी वापरली आहे : तीन पावले मागणाऱ्या बटूला बळीने हो म्हटले, कारण तो लहान दिसत होता. संशोधनाचे शत्रू माणसेच असतात, हे इथे स्पष्टपणे येते. तरीही एक उणीव मला जाणवते. या कादंबरीत भीतीला फार जागा नाही. वाचक विचारात पडतो, घाबरत नाही. म्हणजे आपल्याकडे एका बाजूला भीती आहे पण तपासणी नाही आणि दुसऱ्या बाजूला तपासणी आहे पण भीती नाही.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताची जी मीमांसा केली, ती इथे उपयोगी पडते. घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या दोहोंमध्ये वाचक घुटमळत राहतो तोवरच खरे अद्भुत असते, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. उत्तर मिळाले की कथा एका किंवा दुसऱ्या बाजूला कलंडते. वर्गात हा सिद्धान्त शिकवणे सोपे आहे. आकृती काढता येते, उदाहरणे देता येतात. पण तोदोरोव्हचा वाचक हा पुस्तकापुढे बसलेला वाचक आहे. त्याच्या घुटमळण्याने कुणाचे काही बिघडत नाही.

द्वितीय वर्षाच्या वर्गात एकदा मी एक भयकथा घेतली होती. कोणती, हे महत्त्वाचे नाही. गावात मुले आजारी पडू लागतात, एका एकट्या बाईवर संशय घेतला जातो, शहरातून आलेला डॉक्टर तिची बाजू घेतो आणि अखेरीस ती खरोखरच चेटकीण निघते, अशा अनेक कथांपैकी ती एक. तास संपत आला असताना सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली. एरवी ती बोलत नसे.

"मॅडम, गोष्टीत ती बाई खरंच चेटकीण निघते," ती म्हणाली. "म्हणजे संशय घेणारे लोक बरोबर होते आणि डॉक्टर चुकला. आमच्याकडं एका बाईला डाकीण ठरवलं होतं. ती घर सोडून गेली. मग ते लोकही बरोबर होते, असं म्हणायचं का?"

वर्गात कुणी हसले नाही. साहित्यातले सत्य आणि व्यवहारातले सत्य यांतला भेद मी तिला सांगितला. असे उत्तर कोणत्याही शिक्षकाजवळ तयार असते आणि ते चूकही नसते. तिने ते वहीत उतरवून घेतले. पण तिचा प्रश्न साहित्याच्या सत्याविषयी नव्हताच. ज्या करारावर हा सारा वाङ्मयप्रकार उभा आहे त्याचे कलमच तिने वाचून दाखवले होते. संशय वाया जात नाही, ही कथेतली सोय आहे. सातपुड्यात, एखाद्या पाड्यावर, तोच नियम लागू केला की एका बाईच्या अंगावर घाव पडतात किंवा तिला रातोरात गाव सोडावे लागते. 'डाकीण' हा शब्द खान्देशातल्या आदिवासी भागात आरोप म्हणून वापरला जातो. तो आरोप बहुधा विधवेवर किंवा जिच्या नावावर थोडी जमीन आहे पण पाठीशी माणूस नाही अशा बाईवर होतो, हे तिथे काम करणारे कार्यकर्ते सांगत आले आहेत. भगत नाव घेतो. आणि नाव घेतले गेल्यावर तपासणीला काही उरत नाही.

तपासणाऱ्या माणसाला आपल्या कथापरंपरेत इतके दुय्यम स्थान का, या प्रश्नाने मी पुढे पाटण्यापर्यंत गेले. चाळीसगावजवळ, गौताळ्याच्या डोंगरकुशीत, पाटणादेवीचे देऊळ आहे. या पाटण्यात सापडलेला शके ११२८चा, म्हणजे इ. स. १२०७चा, शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने इथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले, असे हा लेख सांगतो. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, म्हणून मराठीचे विद्यार्थी तो वाचतात. जळगाव जिल्ह्यात, आठशे वर्षांपूर्वी, गणित आणि खगोल शिकवणारी आणि त्यासाठी कायमचे उत्पन्न लावून दिलेली संस्था होती. दान दिले गेले ते चंद्रग्रहणाच्या पर्वावर. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्यांना ग्रहणाच्या पुण्यकाळी दान मिळावे, यात त्या काळच्या विद्येची सारी अडचण सामावलेली आहे.

याच जिल्ह्यात दुसरा चांगदेव आहे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यात, त्याच्या नावाचे गाव आहे आणि जुने देऊळ आहे. हा योगी चांगदेव चौदाशे वर्षे जगला, वाघावर बसून आणि हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला, ही कथा महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोराला ठाऊक असते. कोरे पत्र आणि मुक्ताबाईचा टोला ठाऊक असतो, चालणारी भिंत ठाऊक असते. मठ काढणारा चांगदेव कुणाला ठाऊक नसतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना याच जिल्ह्यातला तिसराही चांगदेव आठवेल : भालचंद्र नेमाड्यांच्या 'बिढार', 'जरीला', 'झूल' या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील, गावोगावच्या महाविद्यालयांतून फिरणारा मास्तर. योग्याला देऊळ मिळाले, मास्तराला बिऱ्हाड आणि गणित्याला डोंगरातला एक दगड. लोकस्मृतीने केलेली ही वाटणी बोलकी आहे.

भास्कराचार्यांची स्वतःचीही हीच कथा. त्यांच्याविषयी लोक सांगतात ती गोष्ट कोणती? लीलावतीची. मुलीच्या कुंडलीतला दोष टाळण्यासाठी बापाने मुहूर्ताची घटिका अचूक साधायचे ठरवले, पाण्यावर घटिकापात्र ठेवले, वाकून पाहणाऱ्या मुलीच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळला. ही आख्यायिका फैजीने १५८७ साली केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. एका उत्तम भयकथेचा हा सांगाडा आहे : संशोधक, त्याचे उपकरण आणि त्या उपकरणावर मात करणारी अदृश्य शक्ती. मूळ ग्रंथात एका मुलीला भुंग्यांची, हंसांची, साप आणि मोर यांची गणिते आनंदाने घातलेली आहेत. लोकांनी गणिते विसरून मोती तेवढा लक्षात ठेवला.

त्याहून जुनी आणि अधिक अस्वस्थ करणारी एक नोंद आहे. ब्रह्मगुप्ताला ग्रहणाचे खरे कारण पुरते माहीत होते. तरी इ. स. ६२८च्या आपल्या ग्रंथात राहूची कल्पना नाकारणाऱ्यांना तो दोष देतो, लोकमताच्या आणि स्मृतींच्या बाजूने बोलतो आणि पुढे गणित मात्र छायेचेच करतो. चारशे वर्षांनी अल्-बीरूनीने हे वाचले तेव्हा त्याला प्रश्न पडला, की इतका मोठा गणिती असे का बोलला असेल? त्याने तर्क केला तो असा, की सॉक्रेटिसावर ओढवला तसा प्रसंग आपल्यावर ओढवेल, हे भय त्यामागे असावे. हा तर्क खरा की खोटा, हे आता ठरणार नाही. पण संशोधनामुळे घातक शत्रू उभे राहतात, ही कल्पना आपल्या विज्ञानाच्या इतिहासात किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. त्या शत्रूंपासून वाचण्यासाठी ग्रहणाच्या गणिताशेजारी राहूला बसायला पाट द्यावा लागला असेल.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधले शिक्षक. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. त्याच साप्ताहिकाचे संपादकपद १९९८पासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांकडे होते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम ते त्याआधीपासून, १९८९पासून, करीत होते. दाभोलकर व्यवसायाने डॉक्टर. म्हणजे भयकथेत शहरातून येतो तोच माणूस. २००८ साली नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतल्या एकूण दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या, नावे झाकली. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच सांगायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी आली ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

'कृष्णविवर'मागचीच ही रीत. नाव झाका आणि मग बघा. या चाचणीत कुणाचा अपमान नव्हता. शंका घेणारा आणि विश्वास ठेवणारा, दोघांनाही आधीच मान्य होतील अशा अटी होत्या आणि ज्योतिषी जिंकण्याची शक्यता शेवटपर्यंत उघडी होती. समर्थांच्या विद्येत जे दार बंद असते ते हेच.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घालून मारण्यात आले. ज्या कायद्यासाठी त्यांनी कित्येक वर्षे घालवली होती त्याचा अध्यादेश नंतरच्या काही दिवसांत निघाला आणि डिसेंबर २०१३मध्ये कायदा झाला. एखाद्या व्यक्तीवर करणी किंवा जादूटोण्याचा आरोप करून तिला छळणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने सांगितलेली ती बाई या कायद्याच्या कलमांत आहे. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. मधली जवळजवळ अकरा वर्षे तारखांची होती. थरारकथा अशी चालत नाही. तिच्यात शत्रूला शेवटच्या प्रकरणात चेहरा मिळतो आणि पहाट होते.

या सगळ्यावरून भयकथा लिहू नये, वाचू नये किंवा शिकवू नये, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो मला मान्य नाही. धारपांनी वाचकाला कधी गंडा बांधायला सांगितला नाही. त्यांनी खेळाचे नियम पाळले आणि पुस्तक मिटले की खेळ संपला. भीती ही खोटी भावना नव्हे. ज्या साहित्याला भीती हाताळता येत नाही ते साहित्य भीतीचा सगळा प्रदेश भगताच्या हवाली करते. विवेकी लेखनाने आपल्याकडे नेमके हेच केले आहे. ते प्रबोधन करते, पुरावे देते, पण रात्री पोर तापाने फणफणलेले असताना आईच्या मनात काय चालते, तिथपर्यंत जात नाही. सत्यजित राय यांनी इब्सेनच्या नाटकावरून १९८९ साली 'गणशत्रू' केला. त्यात मंदिराच्या तीर्थात रोगजंतू आहेत असे सांगणाऱ्या डॉक्टरविरुद्ध गाव उभे राहते. तिथेही भीती डॉक्टरच्या घरातली आहे. तीर्थ पिणाऱ्याच्या मनातली नाही.

मग दोन्ही एकत्र असलेली कथा कशी असेल? माझ्यापुरते सांगायचे तर मला ती सातपुड्यात घडताना दिसते. तिच्यातला शास्त्रज्ञ पांढऱ्या कोटातला प्राध्यापक नाही. तालुक्याच्या रुग्णालयात रक्त तपासणारा एक तंत्रज्ञ आहे. पाड्यावरची मुले आजारी पडतात. हातपाय सुजतात, सांधे असह्य दुखतात, डोळे पिवळे होतात, पोटात डाव्या बाजूला गाठ लागते, एखादे दगावते. एका घरात एक मूल जाते आणि दुसरे धडधाकट राहते, याला लोकांजवळ एकच उत्तर असते. तंत्रज्ञ बोटातून थेंबभर रक्त घेतो आणि त्याला सिकलसेल आढळतो. या भागातल्या आदिवासींमध्ये हा आजार आहे, हे वैद्यकाला ठाऊक आहे. लाल पेशी कोयत्याच्या पात्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला चारात एक इतकी त्याची शक्यता असते.

इथे भयकथेचा करार उलटा होतो. तपासणीने डाकीण नाहीशी होते खरी, पण भीती कमी होत नाही. ती घरात येते. दोष शेजारच्या म्हातारीत असेल तर तिला हाकलता येते. तो आईबापांच्या रक्तात, कुणाच्याही अपराधाविना, अर्धा अर्धा वाटलेला असेल तर हाकलायचे कुणाला? ही बातमी जो घेऊन येतो त्याचे शत्रू कोण असतील, हे सांगायला कुठल्याही अदृश्य शक्तीची गरज नाही. ज्याच्या नाव घेण्याच्या अधिकारावर गाव चालते तो भगत, म्हातारीच्या जमिनीवर डोळा असलेला पुतण्या आणि या दोघांपेक्षाही अवघड म्हणजे ते आईबाप, ज्यांना त्या रात्री एक अपराधी हवाच असतो. तंत्रज्ञाला पाड्यावर पुन्हा जावे लागेल, कारण दुसऱ्या मुलाचे रक्त अजून तपासायचे आहे. त्याला सोडवायला समर्थ येणार नाहीत. तो मरेल की तगेल, हे मला ठरवता येत नाही. तो हरण्यासाठीच आलेला नाही, एवढे मात्र या कथेने मान्य करावे.

ही कथा माझ्याने लिहून होणार नाही. जिला मुले गेल्यानंतरचा तो आक्रोश कानांनी ऐकलेला आहे, भगताच्या सुपातले दाणे जिने जवळून पाहिले आहेत आणि वर्गात येऊन तोदोरोव्हची आकृतीही जिने वहीत काढली आहे, तिला ती लिहिता येईल. वर्गात शेवटच्या बाकावर अशा मुली बसलेल्या असतात. त्यांनी विचारलेला प्रश्न साहित्याच्या सत्याचे उत्तर देऊन मिटवू नये, तो पुढच्या तासाला फळ्यावर लिहावा, इतके आपण शिक्षकांना करता येण्यासारखे आहे.